पायधुणी ते दादर : एका रस्त्याची वाहने

पायधुणी हे नाव मुंबईच्या बुजलेल्या भूगोलाची खूण आहे. आज त्या चौकात उभ्या राहिलेल्या माणसाला पाण्याचा मागमूस लागत नाही; हातगाड्या, टेम्पो, हमालांची ये-जा आणि चारी बाजूंना घाऊक बाजार एवढेच दिसते. परंतु बेटे सांधली जाण्यापूर्वी भरतीचे पाणी वरळीच्या खिंडारातून आत शिरे आणि भायखळ्याच्या सखल भागावर पसरे. परळ, माहीम, वरळीकडून मुख्य मुंबई बेटावर येणारा वाटसरू तो चिखल तुडवीत येई आणि गावात शिरण्यापूर्वी येथे पाय धुई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीला बांध घातला गेला, पाणी हटले, जमीन सुकली. नाव मात्र राहिले. चौकाला आता विजय वल्लभ चौक म्हणतात. जवळच गोडीजी पार्श्वनाथांचे देरासर आहे. कित्येक जैन कुटुंबांच्या मुंबईतील वास्तव्याचा पहिला दिवस याच देरासराच्या पायऱ्यांवर सुरू झालेला आहे.

पायी येणाऱ्यांचे पाय जेथे धुतले जात, तेथेच शहराची पहिली ट्राम येऊन थांबली हा योगायोग मोठा गमतीचा. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. भाडे तीन आणे, आणि तिकीट नावाचा कागद नाहीच! पैसे द्यावेत आणि बसावे. लोकांनी ट्राम इतकी उचलून धरली की थोड्याच काळात भाडे दोन आण्यांवर आणले गेले; आणि फुकट्या प्रवाशांची संख्या वाढू लागली तेव्हा त्याच वर्षी तिकिटेही छापावी लागली. व्यापारी घरातील वाचकाने येथे क्षणभर थांबावे. गिऱ्हाईक वाढले म्हणून कंपनीने भाव चढवला नाही, उतरवला. उलाढाल मोठी असेल तर नफ्याचे प्रमाण लहान ठेवूनही पेढी तरते, हे काळबादेवीच्या कोणत्याही दुकानदाराला सांगावे लागत नाही. शहराच्या वाहतुकीला मात्र ते पुढच्या दीडशे वर्षांत पुनःपुन्हा शिकावे लागले आणि पुनःपुन्हा तिला त्याचा विसर पडला.

त्या ट्रामचा भार घोड्यांवर होता. आरंभी दोनशे घोडे आणि वीस गाड्या. घोड्यांची ट्राम १९०५ साली संपुष्टात येऊ लागली तेव्हा तबेल्यात नऊशे घोडे होते. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्यांच्या डोक्यांवर टोप्या चढवल्या जात. टोपी घातलेला घोडा पाहून त्या वेळच्या मुलांना हसू आले असेल. पण रुळांवरून भरलेली गाडी ओढीत, एप्रिल-मेच्या दुपारी काळबादेवीच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या त्या जनावराकडे पाहणाऱ्या प्रत्येकालाच हसू येत नसणार. तेथून हाकेच्या अंतरावर भुलेश्वरला १८३४ पासूनची पांजरापोळ होती, आणि तिचा खर्च चालवणारे शेठ-सावकार याच रस्त्यावर धंदा करीत होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली ती नगररचनेच्या दृष्टीने प्रगती होती; जीवदयेच्या दृष्टीनेही तो दिवस लहान नव्हता.

ट्रामने शहराला वेग दिला असे सहसा सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. ट्राम संथच होती. चालत्या ट्राममधून उतरणे आणि पुन्हा चढणे हा तरुणांचा खेळ होता. तिने दिली ती निश्चिती. ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या भाड्यात, थोड्या थोड्या वेळाने गाडी येणारच, ही खात्री. या खात्रीने व्यापारी कुटुंबाच्या आयुष्यातील एक मोठी गोष्ट बदलली. तोवर दुकान खाली आणि संसार वर, अशी रीत होती. पेढीच्या मागच्या खोलीत माल, पोटमाळ्यावर गुमास्ते, वरच्या मजल्यावर शेठजींचे कुटुंब. १८९६ साली प्लेग आला आणि मांडवी, भुलेश्वरच्या या दाटीची किंमत शहराला कळली. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने आखलेल्या मोठ्या योजनांपैकी एक होती दादर-माटुंग्याची : रुंद रस्ते, झाडे, हवेशीर इमारती. पण पेढी काळबादेवीला ठेवून दादरला राहायला जायचे तर रोज सकाळी जायचे कसे आणि रात्री परतायचे कसे? त्या प्रश्नाला रेल्वेने आणि परळ रस्त्यावरून उत्तरेकडे सरकत गेलेल्या ट्रामच्या रुळांनी उत्तर दिले. घर आणि दुकान यांच्यात प्रथमच काही मैलांचे अंतर पडले, आणि ते अंतर रोज भरून काढण्याचे काम सार्वजनिक वाहनाकडे आले.

जुन्या मुंबईकरांच्या आठवणीत ट्रामचे एक आण्याचे तिकीट घट्ट बसलेले आहे. त्या एका आण्यात सोबतही कशी मिळे ते पाहण्यासारखे आहे. एकाच बाकावर मूळजी जेठा मार्केटमधला कापडाचा दलाल, लालबागच्या चाळीत राहणारा गिरणीतला जॉबर, ठाकूरद्वारला उतरणारा शाळामास्तर आणि बगलेत खतावणी धरलेला मुनीम. यांची घरे वेगळी, देव वेगळे, जेवण वेगळे, भाडे एकच. शेठजी घोडागाडीने जात, आणि पुढे मोटारीने. पण त्यांची पेढी चालवणारी माणसे ट्रामनेच येत. पेढी वेळेवर उघडे ती त्यांच्यामुळे.

गिरगावाकडे वळणाऱ्यांसाठी आणखी एक वाट होती, ती समुद्राच्या कडेने. चर्नी रोड या स्थानकाचे नाव चरणीवरून आले. गुरे चारण्यावर सरकारने आकार बसवला तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे पैसे घालून गुरांसाठी कुरण खरेदी केले, त्याची ती आठवण. याच किनाऱ्यावर समुद्र हटवून जमीन काढण्याची योजना १८६०च्या दशकात निघाली आणि तिच्या शेअरांभोवती जो सट्टा माजला त्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद होते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, १८६५ साली मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या आणि ती योजनाही बुडाली. पण किनाऱ्यालगतची जी चिंचोळी पट्टी तयार झाली होती ती रेल्वेच्या कामी आली. आज चर्चगेटकडे जाणारी लोकल मरीन लाइन्सपाशी समुद्राच्या बाजूने वळते, तेव्हा तिच्या खालची जमीन ही एका फसलेल्या सट्ट्याची शिल्लक आहे हे डब्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी आली. दिवसाला जाऊन-येऊन एकच फेरी.

त्याआधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला देशातील पहिली प्रवासी गाडी गेली होती, आणि ती काढणाऱ्या कंपनीच्या पहिल्या हिंदी संचालकांत गिरगावचे जगन्नाथ शंकरशेठ होते. ज्या रस्त्यावरून गिरगावची ट्राम धावे आणि आता बस धावते, त्याला त्यांचे नाव आहे. मुंबई सेंट्रलच्या भुयारी मेट्रो स्थानकालाही आता त्यांचेच नाव आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या : गायवाडी, झावबावाडी, खोताची वाडी, मुगभाट. वाडीच्या तोंडाशी बस थांबली की माणूस घरी पोहोचला. म्हातारी माणसे दुपारी एक थांबाभर अंतरही बसने जात. प्रार्थना समाजापासून ठाकूरद्वारपर्यंत, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. बाहेरच्याला हा आळस वाटेल. गुडघे दुखणाऱ्याला तो वाटत नाही.

रस्त्याच्या पश्चिम टोकाला ऑपेरा हाउस. येथील इमारतींत आणि त्यांच्या जिन्यांखालच्या फुटपाथवर पालनपूरच्या जैन कुटुंबांनी हिऱ्यांचा व्यापार जगभर नेला. कागदाच्या घडीत लाखोंचा माल आणि खिशात लोकलचा पास, हे दृश्य परदेशी ग्राहकांना चक्रावून टाकी. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाला आणि बाजाराचा मोठा भाग तिकडे गेला. वाळकेश्वर, गिरगाव, ताडदेवला राहणाऱ्या व्यापाऱ्यांचे अंतर एकाएकी उलटे झाले : तोवर उपनगरातून दक्षिणेला यायचे, आता दक्षिणेतून उत्तरेला जायचे. लोकलने वांद्रे आणि तेथून रिक्षा किंवा बस, अशी पंधरा वर्षे गेली. ९ ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचा तिसरा मार्ग कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण लांबीने धावू लागला. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके; त्यांत काळबादेवी आहे, गिरगाव आहे, ग्रँट रोड आहे, दादर आहे आणि वांद्रे-कुर्ला संकुलही आहे. झवेरी बाजार आणि हिरे बाजार प्रथमच एका गाडीने जोडले गेले.

या सोयीची किंमत गिरगाव-काळबादेवीने आगाऊ चुकती केली आहे, हेही नोंदवले पाहिजे. स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. ज्या घरांत तीन-तीन पिढ्या नांदल्या ती घरे सोडून लोक संक्रमण निवाऱ्यात गेले. रस्त्याच्या मध्यावर निळ्या-पांढऱ्या पत्र्यांच्या भिंती वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या. पत्र्यामागे गेलेल्या दुकानाचे काय होते ते दुकानदारच जाणतो. लग्नसराई येते आणि जाते, जुने गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, आणि पत्रे निघाल्यावर ते परत येईलच असे नसते. आता स्थानकाच्या तोंडाशी असलेल्या गाळ्यांचे भाव वाढतील. ते भाव घेणारे आणि पत्र्यामागे बसून राहिलेले एकच असतील, असे मात्र म्हणता येत नाही.

आणि मेट्रो जेथे गेली नाही त्याचे काय? महालक्ष्मीपासून ती वरळी, सिद्धिविनायक असे पश्चिमेचे वळण घेऊन दादरला येते. चिंचपोकळी, लालबाग, करी रोड, परळ हा पूर्वेचा पट्टा तिच्या वाटेत येत नाही. पायधुणीहून निघालेला जुना रस्ता भायखळ्यावरून याच पट्ट्यातून जातो. एकेकाळी तो गव्हर्नरचा रस्ता होता. परळला गव्हर्नरचा बंगला होता आणि त्याच्या बग्गीसाठी हा मार्ग नीट राखला जाई. गव्हर्नर मलबार हिलला गेले, बंगल्यात हाफकिनची प्रयोगशाळा आली, आणि रस्ता गिरण्यांचा झाला.

गिरणगावाचे घड्याळ भोंग्यावर चाले. पाळी सुटली की लालबाग नाक्यावर माणसांचा लोंढा येई. त्यातील बहुतेक पायीच घरी जात, कारण घर गिरणीच्या सावलीतच असे. म्हणून या भागातील रेल्वे स्थानके, जिने आणि पूल लहान राहिले. त्यांच्यावर भार नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि नव्वदीनंतर त्याच जमिनींवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. गिरणीत येणारा पायी येई. कचेरीत येणारा कल्याणहून, विरारहून, पनवेलहून येतो. लोकसंख्येचा ओघ उलटला, पूल मात्र तेच. २९ सप्टेंबर २०१७ हा दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळी पाऊस आला, लोक आडोशाला थांबले, परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर मागून माणसे येतच राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्यानंतर लष्कराने तेथे नवा पूल उभारला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. काही महिन्यांच्या अवधीत होऊ शकणारे काम किती वर्षे राहून गेले होते, हा प्रश्न त्या नव्या पुलावरून जाताना आजही मनात येतो. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव नंतर प्रभादेवी झाले.

लालबागचा बाजार अजून पायी येणाऱ्यांवरच जगतो. मसाला गल्लीत मिरची भाजून, कुटून घ्यायला उन्हाळ्यात बायका लांबून येतात. चिवडा गल्लीत दिवाळीआधी पाय ठेवायला जागा नसते. गणेशोत्सवात तर बसचे मार्गच वळवावे लागतात. अशा बाजारातून पाच-सहा किलोची पिशवी घेऊन निघालेल्या बाईला काय हवे असते? जिने चढून-उतरून लोकल पकडणे नको; बेटाच्या या भागात रिक्षाला परवानगी नाही; टॅक्सीचे मीटर २०२५च्या फेब्रुवारीपासून एकतीस रुपयांपासून सुरू होते, आणि जवळचे भाडे बहुतेक टॅक्सीवाल्यांना नकोच असते. उरते ती लाल बस.

ही बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर प्रथम धावली. १९३७ मध्ये दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, वीज आणि वाहतूक दोन्ही चालवणारी ही कंपनी महापालिकेने ताब्यात घेतली आणि बेस्ट उपक्रम अस्तित्वात आला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिला निरोप द्यायला रस्त्यावर माणसे उभी होती. ट्राम गेली तरी बेस्टचा हिशेब एकाच वहीत राहिला होता, आणि तोच तिचा खरा कणा होता : दक्षिण-मध्य मुंबईला वीज विकून जो नफा होई त्यातून बसची तूट भरून निघे. ज्याच्या घरात दिवे जास्त तो थोडे अधिक देई, आणि ज्याला दोन थांबे जायचे तो कमी भाड्यात जाई. वीजक्षेत्राचे कायदे बदलले, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे वळवण्याला आक्षेप घेतला गेला, आणि ही वाट हळूहळू बंद झाली. तत्त्वतः तो आक्षेप चुकीचा नव्हता. वीज ग्राहकाने बसचा तोटा का सोसावा, असे विचारता येतेच. पण मग तो कोणी सोसावा, याचे उत्तर कोणी दिले नाही.

चार हजारांहून अधिक गाड्यांचा ताफा तीन हजारांच्या खाली आला. स्वतःच्या गाड्या मोडीत निघत गेल्या, त्यांच्या जागी कंत्राटदारांच्या, त्यांच्याच चालकांसह भाड्याने घेतलेल्या गाड्या आल्या. काही कंत्राटदार मध्येच सोडून गेले. २०२३च्या सप्टेंबरात जुनी डिझेलची दुमजली बसही निवृत्त झाली. विजेवरची वातानुकूलित दुमजली गाडी तिच्या जागी आलेली आहे; सुंदर आहे, थोडी आहे.

भाड्याची कथा याहून बोलकी. २०१९च्या जुलैमध्ये बेस्टने किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले आणि रिकाम्या धावणाऱ्या बस भरू लागल्या. १८७४ सालच्या ट्राम कंपनीला जे उमगले होते तेच पुन्हा दिसले. मात्र गिऱ्हाईक परतले तरी गाड्या वाढल्या नाहीत, उलट घटल्या. नंतर पाचाचे दहा झाले, वातानुकूलित बसला बारा. ही वाढ अमलात आली तो दिवस होता ९ मे २०२५. पायधुणीला पहिली ट्राम आली त्याला त्या दिवशी बरोबर एकशे एक्कावन्न वर्षे झाली होती. दहा रुपये ही मेट्रोच्याही भाड्याची सुरुवात आहे. दहा रुपये आजच्या दिवसांत काही मोठी रक्कम नव्हे, असे ज्याला वाटते त्याने पेढीवरच्या घरकाम्याला विचारून पाहावे : रोजचे चार वेळा चढणे-उतरणे, महिन्याचे सव्वीस दिवस. शिवाय खरी अडचण भाड्याची नाही, वाट पाहण्याची आहे. दहा मिनिटांनी येणारी बस पंचवीस मिनिटांनी येऊ लागली की माणूस बसवर विसंबणे सोडून देतो. निश्चिती गेली की उरलेली सोय कागदावरची असते.

व्यापारी घरांच्या रोजच्या क्रमात ही निश्चिती किती खोल रुजलेली आहे, हे जेवणाच्या डब्यावरून दिसते. १८९० पासून मुंबईत डबेवाले आहेत. सकाळी घरून निघालेला डबा लोकलच्या सामानाच्या डब्यातून दुपारी पेढीवर पोहोचतो, आणि काळबादेवीतील कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या कुटुंबांसाठी ही केवळ सोय नसते. संध्याकाळचा प्रश्न त्याहून अवघड. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बाजार आठला आवरतो. चौविहार पाळणाऱ्याने दादर-माटुंग्याला घरी जाऊन जेवायचे ठरवले तर पाचलाच उठावे लागते, म्हणून कित्येक पेढ्यांवर मागच्या खोलीत साडेपाचला ताट मांडले जाते. घड्याळाशी एवढी घट्ट बांधलेली माणसे शहरात थोडी असतील. आणि याच रस्त्याच्या कडेने, पहाटे दिवे विझण्याच्या सुमारास, अनवाणी जाणारी साधू-साध्वींची रांगही दिसते. कोणतेही वाहन न वापरणाऱ्या त्या पथिकांना पायधुणी ते दादर हे अंतर तितकेच आहे जितके ट्राम येण्यापूर्वी होते. फक्त फुटपाथ आता सलग राहिलेला नाही.

रस्ता शेवटी दादरला येतो. शहराच्या बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्याची मुंबई येथूनच सुरू होते. पुण्याहून येणारी शिवनेरी, सांगली-कोल्हापूरकडच्या रात्रीच्या गाड्या, सोलापूरची सिद्धेश्वर : कापड, मसाला, भांडी, इमिटेशन दागिने यांच्या खरेदीला आलेला दुकानदार पहाटे दादरला उतरतो, चहा घेतो आणि बाजार उघडेपर्यंत ओळखीच्या धर्मशाळेत आंघोळ उरकतो. दोन रेल्वे येथे समांतर धावतात आणि दोघींचेही फलाट एक, दोन, तीन असेच होते. ‘कोणता एक नंबर?’ या प्रश्नाने नवख्यांची पिढ्यान्‌पिढ्या फजिती केली. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट आठपासून पुढे मोजले जातात, तेव्हा कोठे हा घोळ मिटला. पूर्वेच्या चौकाचे नाव खोदादाद सर्कल आहे, पण कंडक्टर ‘दादर टी.टी.’ असेच ओरडतो. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. साठ वर्षांपूर्वी रूळ उखडले गेले, अक्षरे राहिली.

टी.टी.च्या थांब्यावर उभे राहणाऱ्यांत एक मंडळी वेगळी ओळखू येते. हातात रिपोर्टची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात डबा. परळला टाटा रुग्णालय आहे, १९२६ पासूनचे के.ई.एम. आहे, वाडियांची रुग्णालये आहेत. जळगाव, बार्शी, निपाणीहून आलेली ही माणसे नातेवाइकाच्या उपचारासाठी महिना-महिना राहतात. रुग्णालयाच्या आसपास सर्वांना जागा मिळत नाही, म्हणून दादरच्या धर्मशाळांत, परिचितांकडे उतरतात आणि रोज दोन वेळा डबा घेऊन परळला जातात. अंतर दोन-अडीच किलोमीटर. परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा शंभराहून अधिक वर्षांचा रस्त्याचा पूल नव्या बांधकामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, आणि पश्चिमेकडून येणारी वाहने दादरच्या टिळक पुलावर किंवा करी रोडच्या पुलावर वळली. संध्याकाळी टिळक पुलापासूनच चाके अडकतात. जेकब सर्कलपर्यंत जाणारी मोनोरेल याच भागाच्या डोक्यावरून जाते, पण तीही त्याच महिन्यात सुधारणेसाठी थांबवण्यात आली.

हिवाळ्यातल्या अशाच एखाद्या संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी थांब्यावर एक वयस्कर गृहस्थ येतात. डब्यात मूगडाळीची खिचडी आणि उकडलेला दुधी, दोन माणसांचे. आत खाटेवर पत्नी आहे आणि तिचा चौविहाराचा नियम आजारातही सुटलेला नाही. मोबाइलवर बस सात मिनिटांवर दाखवते. सात मिनिटांनी ती अकरा मिनिटांवर असते. एक टॅक्सीवाला काच खाली करून ‘परळ’ हा शब्द ऐकतो आणि काच वर करतो. आकाश हिंदमाताच्या बाजूला तांबूस होऊ लागलेले असते. गृहस्थ घड्याळ पाहतात, डब्याची कडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतात, आणि परळच्या दिशेने चालू लागतात.